काका, दूध आणायला चलता का?

सोलापूरकराला चालणे शिकवावे लागत नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांमागून ६८ लिंगांची वाट सारे गाव पायी चालते. पण याच गावात एखाद्या घरी साठी उलटलेले काका दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. छिन्नमनस्कतेचा जुना आजार. औषधांनी भास थांबले, पण उमेद परतली नाही. घरची मंडळी म्हणतात, "आळशी झालेत!"

हा आळस नव्हे. उमेद मावळणे हे या आजाराचेच लक्षण आहे. त्यात काही औषधांनी सुस्ती येते, वजन आणि रक्तातील साखर वाढते. गंभीर मनोविकाराची माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी जातात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि त्यांतील बहुतेकांचा घास हृदयविकारासारखी शरीराचीच दुखणी घेतात. म्हणून काकांचे चालणे ही चैन नव्हे. मात्र ते औषधाच्या जोडीला. औषध बंद करून नव्हे.

या संघटनेने २०२० साली आठवड्याला निदान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम सुचविला. आकडा पाहून घाबरू नका; अजिबात न हलण्यापेक्षा थोडे हललेलेही बरे, असेही तिनेच म्हटले आहे.

तेव्हा "जरा फिरून या" असा हुकूम सोडू नका. स्वतः वहाणा घाला आणि म्हणा, "काका, दूध आणायला चलता का? मला सोबत होईल." पहिले आठ दिवस कोपऱ्यापर्यंत, पाचच मिनिटे, वेळ रोज तीच. पुढे सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत. एखादे दिवशी नको म्हणाले, तर रागावू नका. उद्या पुन्हा विचारा. घरात खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे झाले, तरी पायांत बळ येते.

आधी डॉक्टरांना मात्र विचारा. काही औषधांनी एकदम उठताच चक्कर येते. म्हणून मिनिटभर खाटेच्या कडेला बसू द्यावे. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातील पाणी कमी झाले, तर ते औषध रक्तात वाढून बाधते. तेव्हा उन्हाळ्यात पहाटेच निघावे आणि पाणी बरोबर असावे. हात फार थरथरू लागले किंवा उलट्या झाल्या, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

घरच्यांचाही धीर कधी सुटतो. त्यासाठी २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते, तोही मराठीतून.

फराळाला बसण्यापूर्वी यंदा पाडव्याच्या सकाळी एक फेरी काकांबरोबर मारून या.