लोअर परळमध्ये घर घेताय? रात्री दीड वाजताही बघून या

लोअर परळमध्ये फ्लॅट बघायला जाणारी कुटुंबं बहुधा रविवारी सकाळी जातात. त्या वेळी सेनापती बापट मार्ग मोकळा असतो, कमला मिलच्या आवारातल्या पबबाहेर झाडलोट चाललेली असते आणि वरच्या मजल्यावरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये छान वारा येत असतो. परतीच्या वाटेवर सगळ्यांचं एकमत होतं: पब खाली, आपण वर, आपल्याला कसला त्रास! आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचं कर्ज अशा समजुतीवर लावू नये.

उंचावर शांतता असते, हा यातला सर्वांत महागडा गैरसमज, कारण त्यासाठी आपण दर मजल्यामागे फ्लोअर राइज मोजतो. खालच्या घरांना समोरची इमारत, कुंपणाची भिंत, झाडं यांचा आडोसा असतो. वर गेलं की तो संपतो आणि लांबचा रस्ताही थेट ऐकू येऊ लागतो. एका जागेहून निघालेला आवाज उघड्यावर अंतर दुप्पट झाल्यावर साधारण 6 डेसिबलने उतरतो. अखंड वाहत्या रस्त्याचा तर जेमतेम 3 डेसिबलने. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर रेस्टॉरंट असेल, तर बाराव्या मजल्याच्या बाल्कनीला ते चक्क समोरासमोर येतं. म्हणून आपल्या मजल्याच्या आसपास कोणाच्या गच्च्या येतात, ते आधी मोजावं.

‘दुहेरी काच लावू’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. चांगली बसवलेली दुहेरी काच हॉर्न आणि बोलणं बऱ्यापैकी अडवते. बासचे ठोके मात्र तिला दाद देत नाहीत. 60 हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेपाच मीटरच्या वर असते आणि असा आवाज काच, चौकट, भिंत थरथरवत आत शिरतो. वेगवेगळ्या जाडीच्या काचा, मध्ये रुंद पोकळी आणि चौकटीतल्या फटी पक्क्या बुजवणं, याने फरक पडतो. पण ती खिडकी रात्रभर बंद ठेवावी लागते. म्हणजे एसी आला, त्याचं बिलही आलं.

मग कायद्याचा आधार घेतला जातो: दहानंतर सगळं बंदच होतं ना? ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, हे खरं. बंद सभागृहाला, आवाज आतल्या आत राहणार असेल, तर मुभा आहे. रात्रीची मर्यादा निवासी भागात 45 डेसिबल, व्यापारी भागात 55, आणि मिश्र वस्तीचा भाग कोणत्या गटात धरायचा, ते सक्षम अधिकारी ठरवतात. हा 10 डेसिबलचा फरक किरकोळ वाटतो, पण ध्वनीची ऊर्जा तेवढ्यात दसपट होते. आपला पत्ता कोणत्या गटात येतो, हे टोकन देण्याआधी लेखी विचारायला हवं. शिवाय झोपमोड नेहमी संगीतानेच होते असं नाही. मुंबईत परमिट रूमची वेळ रात्री दीडपर्यंत असते. ती संपली की एकदम बाहेर पडणारी माणसं, व्हॅलेच्या गाड्या, रिव्हर्सचे बीप आणि टॅक्सीसाठीच्या हाका सुरू होतात. त्यासाठी शनिवारी रात्री दीड वाजता त्या इमारतीच्या गेटवर अर्धा तास उभं राहावं.

जानेवारी 2020 मध्ये ‘मुंबई चोवीस तास’ला मंजुरी मिळाल्यापासून रात्रभर दारू मिळते, असं काहींना वाटतं. तो निर्णय अनिवासी भागातले मॉल आणि मिलच्या आवारातली दुकानं-उपाहारगृहं उघडी ठेवण्यापुरता होता. मद्याची वेळ त्याने वाढली नाही.

पार्किंगबद्दल थोडक्यात: उघडी किंवा स्टिल्टखालची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. किंमत रेराच्या कार्पेट एरियावरच तपासावी. बाल्कनी त्यात धरत नाहीत.

‘राहिलो नाही तर भाड्याने देऊ’ म्हणणाऱ्यांना सोसायटीच्या दंडाची भीती असते. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी ना-वापर शुल्क घेऊ शकते, पण सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच. लिव्ह अँड लायसन्स करार मात्र नोंदवावाच लागतो.

आणि सुरक्षेचं काय? नवी इमारत म्हणजे आगीची चिंता नाही, असं गृहीत धरलं जातं. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलमधल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागली आणि 14 माणसं गेली. त्यांतले अनेक जण स्वच्छतागृहात अडकून गुदमरले. हे आठवलं की ब्रोशरमधला स्विमिंग पूल फार लहान वाटतो. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घ्यावं लागतं. इमारतीत लोक राहायला आले असतील, तर सोसायटीकडे मागचे दोन फॉर्म मागा. तळमजल्यावर रेस्टॉरंट असेल, तर त्याचेही मागा. आणि शनिवारी रात्री गेटवर उभे असालच, तर दुतर्फा गाड्या लागलेल्या त्या गल्लीतून अग्निशमन दलाचा बंब आत येईल का, तेही पाहून घ्या.