मरुभूमींतील उन्हाळा आणि घरांतील मुलें

म्हाताऱ्या माणसाचा आपल्या अनुभवावर फार विश्वास असतो, आणि शाळामास्तराचा तर त्याहून अधिक. पस्तीस वर्षें मुलें हाताखालून गेलीं म्हणजे मुलांसंबंधीं आपणांस शिकावयाचें असें कांहीं उरलेंच नाहीं, अशी त्याची गोड समजूत होऊन बसते. आमचीही होती. गेल्या उन्हाळ्यांत जोधपूर येथें ती एका सकाळीं उतरली. तो प्रकार आम्हांस भूषणावह नाहीं. तथापि ज्यांच्या घरांत लहान मुलें आहेत अशा वाचकांच्या तो उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून येथें सांगतों.

आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त जोधपुरास असतात. मे महिन्याच्या उत्तरार्धांत आम्ही उभयतां, थोरल्या चिरंजिवांच्या सात वर्षांच्या मुलीस बरोबर घेऊन, पुण्याहून त्यांच्याकडे गेलों. तेथें चार वर्षांचा नातू आमची वाट पाहत होताच. राव जोधा यांनीं इ. स. १४५९ मध्यें वसविलेलें हें शहर थरच्या वाळवंटाच्या कडेस आहे. त्याच्या उत्तरेस असलेल्या फलोदी या गांवीं १९ मे २०१६ रोजीं तपमान ५१ अंश सेल्सिअसपर्यंत चढलें होतें. हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु ठाऊक असणें आणि उमजणें यांत पुष्कळ अंतर असतें.

सूनबाई सकाळीं आठ वाजतांच खिडक्या लावून पडदे ओढून घेई. मुलें अंधाऱ्या खोलींत कोंडलेलीं पाहून आमचा जीव गुदमरे. आम्ही लहानपणीं भर दुपारीं आंब्याखालीं विटीदांडू खेळत असूं, आणि आम्हांस कधीं कांहीं झालें नाहीं, हें आम्हीं दोन दिवसांत निदान चार वेळां तरी ऐकविलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास दोघांचे हात धरून आम्ही किल्ल्याच्या बाजूच्या खडकाळ चढणीकडे निघालों. सूनबाई दारापर्यंत येऊन म्हणाली, "बाबा, आतां ऊन फार झालें आहे. संध्याकाळीं गेलांत तर?" आम्हीं तें हंसण्यावारी नेलें.

बरोबर पाण्याची एक लहानशी बाटली होती. ती वाटेंतच संपली. मुलांच्या अंगावर घामाचा टिपूसही दिसत नव्हता. तेव्हां त्यांना फारसें उकडत नसावें, असा तर्क आम्हीं केला. आणि हाच तर्क घातक होता. अर्ध्या तासानें नातू एका दगडावर बसला. "पाय दुखतात," एवढेंच तो म्हणाला. पाणी मागितलें नाहीं. त्याचें तोंड पांढरें पडलें होतें. पाठोपाठ त्याला ओकारी झाली. रिक्षा मिळेपर्यंत जीं दहा मिनिटें गेलीं, तीं आम्ही या जन्मीं विसरणार नाहीं.

घरीं येतांच सूनबाईनें एक शब्दही न बोलतां त्याचे कपडे उतरविले, ओल्या फडक्यानें सर्वांग भिजवून वर पंखा लावला, आणि साखर-मिठाचें पाणी चमच्याचमच्यानें पाजीत डॉक्टरांकडे नेलें. दुपारपर्यंत तो हंसूंखेळूं लागला. आमच्या पायांत मात्र संध्याकाळपर्यंत बळ आलें नाहीं.

डॉक्टर तरुण होते, पण बोलले तें वडीलधाऱ्यासारखें. कोरड्या हवेंत घाम येत नाहीं असें नव्हे. तो येतां येतांच उडून जातो, म्हणून दिसत नाहीं. शरीरांतील पाणी मात्र जातच असतें. शिवाय लहान मुलाचें अंग मोठ्या माणसापेक्षां लवकर तापतें, त्याला घामही कमी येतो, आणि खेळाच्या नादांत तहान त्याच्या लक्षांतच येत नाहीं. म्हणून मूल पाणी मागेल तेव्हां देऊं, असें म्हणणें व्यर्थ होय. तें वडिलांनीं आपण होऊन पाजलें पाहिजे.

त्याच दिवशीं आमच्या कुटुंबानें गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. पुण्यास ज्यांना दोन-तीन दिवस ऊन द्यावें लागतें, त्या येथें सूर्यास्तापूर्वींच खडखडीत वाळल्या. त्या गोळा करतां करतां ती म्हणाली, "कुरडई वाळते ती डोळ्यांना दिसते. पोर वाळतें तें दिसत नाहीं." पस्तीस वर्षांच्या शिक्षकीनें आम्हांस जें शिकविलें नव्हतें तें या एका वाक्यानें शिकविलें.

दुसऱ्या दिवसापासून मुलांचें वेळापत्रक नव्यानें आंखलें. त्यांत आमची गुरु झाली ती शेजारची वृद्ध मारवाडी बाई; तिला सारी गल्ली दादीसा म्हणते. तिचा पहिला नियम असा कीं, बाहेरून आल्यावर पाणी, हें पाहुण्यांसाठीं. मुलांना पाणी उंबरा ओलांडण्यापूर्वीं. दुसरा नियम, दिवसाचीं दोन टोकें मुलांचीं, मधला दिवस घराचा.

मे महिन्याच्या अखेरीस तेथें पावणेसहाच्या सुमारास सूर्योदय होतो. आम्ही पांचलाच मुलांना उठवूं लागलों आणि साडेसातच्या आंत घरीं परतूं लागलों. एके दिवशीं तूरजी का झालरा ही अठराव्या शतकांत एका राणीनें बांधविलेली पायऱ्यांची विहीर पाहिली. मुलांचे हात घट्ट धरून पायऱ्या मोजल्या. त्या मोजतांना नातीच्या मनांत आपण होऊनच प्रश्न आला कीं, पाणी इतकें खोल असतांना इतके कष्ट करून लोक तें कां राखीत? अशा प्रश्नासाठीं शाळेंत आम्ही तासन्‌तास खपत असूं.

दुसऱ्या दिवशीं किल्ल्याच्या पायथ्याच्या राव जोधा उद्यानांत गेलों. येथें सुमारें ७० हेक्टर खडकाळ जमिनीवर इ. स. २००६ पासून परकीय बाभळी उपटून वाळवंटांतील मूळच्या वनस्पति पुन्हां लावण्याचें काम झालें आहे. तेथें मुलांना खेजडीचें झाड दाखविलें. ही खेजडी म्हणजे आपली शमीच. पांडवांनीं अज्ञातवासांत जिच्यावर शस्त्रें लपविलीं ती. दसऱ्यास जिची पूजा करावयाची ती शमी येथें कडक उन्हाळ्यांत हिरवी असते, गुरांना पाला देते, आणि तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी घरोघर होते. जोधपूरजवळच्या खेजडली गांवीं इ. स. १७३० मध्यें हीं झाडें वांचविण्यासाठीं अमृतादेवी आणि तिच्यामागून इतर बिश्नोई स्त्रीपुरुष, मिळून ३६३ जणांनीं प्राण दिले. ही कथा ऐकल्यावर नातू झाडाच्या खोडावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

आठनंतर घर बंद. आतां प्रश्न असा कीं, अकरा तास मुलांना घरांत कसें रमवावें? यासाठीं फार साहित्य लागत नाहीं. आम्हीं दोन तपमापक घेतले. एकाच्या तळाशीं ओलें फडकें गुंडाळलें, दुसरा कोरडाच ठेवला, आणि दोन्ही सज्जाच्या सावलींत टांगून पंख्यानें वारा घातला. दुपारीं कोरडा ४२ अंश दाखवीत असतां ओला २३ वर उतरला होता! पाणी उडतांना उष्णता घेऊन जातें, म्हणून माठ थंड राहतो, वाळ्याच्या पडद्यांतून आलेला वारा गार लागतो, आणि कूलर चालतो तोही याच न्यायानें. कोंकणांत हवाच आधीं पाण्यानें भरलेली असते. म्हणून तेथें घाम वाळत नाहीं व कूलरचाही फारसा उपयोग होत नाहीं. नातवाच्या अंगावर फडकें भिजवून पंखा कां लावला होता, हें नातीनें या प्रयोगावरून स्वतःच ओळखलें.

दुसरा खेळ सावलीचा. मेच्या मध्यास सूर्य पुण्याच्या अगदीं माथ्यावर येतो, आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहींशी होते. नातीनें तें नुकतेंच पाहिलें होतें. तोच चमत्कार येथें दिसेल असें तिला वाटलें. आम्हीं अंगणांत एक मीटर उंचीची काठी रोवली. मुलें ओसरीच्या सावलींतून पाहत, आणि आम्ही डोक्यास पंचा गुंडाळून खुणा करून येत असूं. जोधपुरास घड्याळाप्रमाणें साडेबारा वाजून पांचएक मिनिटांनीं मध्यान्ह होते. सावली आंखूड होत नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत आली, पण नाहींशी झाली नाहीं. कर्कवृत्ताच्या उत्तरेस सूर्य कधींच माथ्यावर येत नाहीं, हें भूगोलांत घोकलेलें वाक्य तिला त्या दिवशीं प्रत्यक्ष भेटलें.

दुपारची झोंप झाल्यावर सवंगड्या, कवड्या, सागरगोटे, सुभाषितांच्या भेंड्या. मधून मधून पन्हें, ताक, किंवा बाजरी व ताक यांची तिकडील राब. साडेसहानंतर गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणें घालावयाचीं. मग सप्तर्षि, वसिष्ठाजवळची अरुंधती, स्वाती, चित्रा. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचे सुमारें दहा अंश व्यापते. पुण्यास ध्रुव क्षितिजावर दोन मुठींहून थोडा कमी उंच दिसतो, येथें अडीच मुठींहून थोडा अधिक. मुलांच्या मुठी लहान, पण हातही त्याच मानानें आंखूड, त्यामुळें हिशेब जमतो, याचा त्यांना केवढा आनंद!

आतां गृहिणींसाठीं थोडे व्यवहाराचे शब्द. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हें प्रमाण पाठ असावें; मीठ अधिक पडूं देऊं नये. सहा महिन्यांच्या आंतील बाळास वरचें पाणी नको, आईचें दूध वरचेवर पाजावें. लघवी पिवळीजर्द अथवा थोडी होऊं लागली तर मुलाच्या पोटांत पाणी कमी पडतें आहे असें समजावें. उन्हांत तापलेल्या लोखंडी घसरगुंडीस आधीं आपला हात लावून पाहावा. बंद मोटारींत मुलास क्षणभरही ठेवूं नये. मूल चिडचिड करूं लागलें, मलूल झालें, ओकलें, तर खेळ तेथेंच थांबवून सावलींत न्यावें, अंग भिजवावें व वारा घालावा. अंग कढत लागत असून मूल असंबद्ध बोलूं लागलें, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजून अंग भिजवीतच तत्काळ रुग्णालय गांठावें; बेशुद्ध मुलाच्या तोंडांत कांहीं घालूं नये.

हें सर्व जोधपूरचें म्हणून वाचकांनीं बाजूस ठेवूं नये. नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगांव येथील मे महिन्याची हवाही अशीच कोरडी असते, आणि तेथेंही सुटींत आजीआजोबांकडे मुलें येतात. एकत्र कुटुंबांत आजोबांच्या शब्दाला मान असतो, तो असावाच. पण ज्या अंगणांत आम्ही खेळलों तें आंब्याच्या दाट सावलीचें होतें, आणि तहान लागली कीं दहा पावलांवर विहीर होती, हें आम्ही गोष्ट सांगतांना विसरतों. सूनबाईनें त्या सकाळीं जें सांगितलें तें रोजच्या माहितीचें होतें. आम्हीं मिरविली ती आठवण होती. मुलाच्या जिवाचा प्रश्न असतां माहितीनें आठवणीपुढें दबून जाऊं नये. तिची क्षमा आम्हीं त्याच संध्याकाळीं मागितली. सासऱ्यानें क्षमा मागावी हें तिला फार अवघड वाटलें. आम्हांस मात्र बरें वाटलें.

निघावयाच्या दिवशीं सामान दाराशीं ठेवून आम्ही पायांत वहाणा सरकवीत होतों. इतक्यांत नातू दोन्ही हातांनीं तांब्या सांवरीत आला आणि उंबऱ्यांत आडवा उभा राहिला. "आजोबा, आधीं पाणी!"

आम्हीं मुकाट्यानें तांब्या तोंडाला लावला.