उड्डाणपूर्व इंधन-तपासणी

विमानाच्या टाक्यांत पुरेसे व शुद्ध इंधन आहे, ते एंजिनांपर्यंत अखंड पोहोचते आणि कोठेही गळती नाही, याची उड्डाणापूर्वी खात्री करून घेण्याच्या क्रियांस उड्डाणपूर्व इंधन-तपासणी म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ५० ते १०० आसनांच्या प्रादेशिक जेट विमानांचा विचार केला आहे. घोडावत उद्योगसमूहाच्या स्टार एअर या कंपनीने २०१९ मध्ये एम्ब्रेअर ईआरजे-१४५ या सु. ५० आसनी विमानांनी सेवा सुरू केली. पुढे कोल्हापूर, नांदेड ही शहरेही तिच्या मार्गांवर आली. अशी विमाने दिवसातून अनेक लहान उड्डाणे करीत असल्याने ही तपासणी थोड्या वेळात वारंवार करावी लागते.

इंधन प्रणाली : इंधन बहुधा पंखांतील पोकळीत साठविलेले असते. प्रत्येक एंजिनास आपल्या बाजूच्या टाकीतून पंपांद्वारे इंधन मिळते. गरज पडल्यास एका बाजूचे इंधन दुसऱ्या बाजूच्या एंजिनास देण्यासाठी जोडझडप असते. वैमानिक पंप, झडपा, इशारा दिवे आणि दोन्ही पंखांतील इंधनाचा समतोल तपासतो. तसेच विमानाभोवती फिरून टाक्यांची झाकणे, वायुमार्ग व पंखांचा खालचा भाग पाहिला जातो. इंधन भरताना स्थिर विद्युत् भारामुळे ठिणगी पडू नये म्हणून विमान व इंधनवाहक गाडी तारेने परस्परांस जोडतात.

परिमाण : इंधनापासून मिळणारी ऊर्जा त्याच्या वस्तुमानावर अवलंबून असते, म्हणून विमानातील मापक किग्रॅ. वा पौंड दर्शवितो. गाडीवरील मापक मात्र लिटर दर्शवितो. जेट ए-१ या केरोसीनवर्गीय इंधनाची घनता १५° से. तापमानास दर लिटरला ०·७७५ ते ०·८४० किग्रॅ. असते. तापमान २५° से.ने वाढल्यास ती सु. २ टक्क्यांनी घटते. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड येथे मे महिन्यात तापलेले ५,००० लिटर इंधन थंड इंधनापेक्षा सु. ८० किग्रॅ.ने हलके भरू शकते. यासाठी टाकीत आधी असलेल्या इंधनात भरलेल्या लिटरांचा घनतेशी केलेला गुणाकार मिळवून ती बेरीज मापकाशी ताडून पाहतात. ठरीव मर्यादेपेक्षा जास्त तफावत आढळल्यास पंखाखालील मोजपट्टीने प्रत्यक्ष पातळी मोजतात.

या पडताळणीचे महत्त्व दोन घटनांवरून दिसते. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे मापक नादुरुस्त होते. लिटरचे किग्रॅ. करताना ०·८ ऐवजी १·७७ हा पौंडांचा गुणक वापरला गेला. परिणामी निम्म्याहून कमी इंधन घेऊन निघालेले विमान एंजिने बंद पडल्यावर गिमली येथे तरंगत उतरवावे लागले. ६ ऑगस्ट २००५ रोजी ट्युनिंटरच्या एटीआर-७२ या टर्बोप्रॉप विमानात एटीआर-४२ या लहान विमानाचा मापक बसविलेला होता. त्याने प्रत्यक्षापेक्षा अधिक इंधन दर्शविले व विमान सिसिलीजवळ समुद्रात उतरले; १६ जण मृत्युमुखी पडले. पहिल्या घटनेत गणित चुकले, तर दुसरीत मापक चुकला.

शुद्धता : रात्री टाकीतील हवा थंड झाल्यावर तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, पावसाळ्यात याचे प्रमाण वाढते. पाणी इंधनापेक्षा जड असल्याने तळाशी साचते. उंचीवर त्याचे बर्फ होऊन गाळण्या तुंबू शकतात, तर पाणी व इंधन यांच्या सीमेवर वाढणारे सूक्ष्मजीव टाकीच्या धातूस हानी पोहोचवितात. म्हणून तळाच्या निचरा झडपेतून पारदर्शक भांड्यात नमुना काढतात. तो स्वच्छ, चकचकीत व कणरहित असावा लागतो. पाण्याचा अंश शोधण्यासाठी रंग बदलणारे रासायनिक पदार्थ वापरतात.

पुरेसेपणा : भरलेले इंधन केवळ मार्गापुरते असून चालत नाही. धावपट्टीपर्यंत जाणे, मार्ग, आकस्मिक गरज व पर्यायी विमानतळ यांखेरीज जेट विमानात सु. ४५० मी. उंचीवर ३० मिनिटे घिरट्या घालण्याइतका अंतिम साठा असावा, असे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. २८ नोव्हेंबर २०१६ रोजी लामिया कंपनीचे अ‍ॅव्ह्रो आरजे-८५ हे प्रादेशिक जेट विमान असा साठा न ठेवता बोलिव्हियातून कोलंबियाकडे निघाले. मेदेयीनजवळ इंधन संपून ते कोसळले आणि ७७ पैकी ७१ जण मृत्युमुखी पडले. म्हणून मापकावरील अंकाची शहानिशा करण्याइतकेच तो अंक त्या मार्गास पुरेसा आहे की नाही हे ठरविणेही या तपासणीत अंतर्भूत आहे.