ठोके खरंच मोजून मिळतात?

कासव सावकाश श्वास घेतं म्हणून शंभरी गाठतं आणि उंदराचं काळीज सतत धडधडतं म्हणून तो दोन-तीन वर्षांत संपतो, असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. त्याच्या जोडीला आता एक आकडाही फिरतो: प्रत्येक प्राण्याच्या वाट्याला सुमारे 1 अब्ज ठोके. या समजुतीच्या मुळाशी खरं निरीक्षण आहे. हर्बर्ट लेव्हाइन या हृदयरोगतज्ज्ञांनी 1997 साली सस्तन प्राण्यांची विश्रांतीतली हृदयगती आणि आयुर्मान शेजारी शेजारी मांडलं, तेव्हा ठिपके बऱ्यापैकी रेषेत आले. घोटाळा होतो तो या रेषेचा अर्थ लावताना.

गैरसमज : सगळ्यांच्या ठोक्यांची बेरीज सारखीच भरते.
वस्तुस्थिती : लेव्हाइन यांची सरासरी 73 कोटी होती खरी, पण तिच्यापुढे ‘अधिक-उणे 56 कोटी’ असंही लिहिलेलं होतं. आपणच हिशेब करून पाहू. मिनिटाला 600 ठोक्यांनी 2 वर्षं जगणाऱ्या उंदराचे 63 कोटी होतात, 30 ठोक्यांनी 60 वर्षं जगणाऱ्या हत्तीचे 95 कोटी आणि 70 ठोक्यांनी 70 वर्षं जगणाऱ्या माणसाचे 258 कोटी, म्हणजे उंदराच्या चौपट! अशा आलेखांची मोजपट्टी बहुधा लघुगणकी असते. तिच्यावर 10 ते 100 आणि 100 ते 1,000 ही अंतरं सारखीच दिसतात, त्यामुळे चौपटीचा फरकही डोळ्यांत भरत नाही.

गैरसमज : हृदय मंद चालतं, म्हणूनच आयुष्य लांबतं.
वस्तुस्थिती : इथे तिसरा भिडू आहे, शरीराचं वजन. प्राणी जितका मोठा, तितकी त्याची हृदयगती सहसा कमी आणि आयुष्य जास्त. दोन्ही गोष्टी वजनाशी बांधलेल्या असल्या, की त्या एकमेकींशीही जुळलेल्या दिसतात. शिवाय वाघ आणि सिंह हे दोन स्वतंत्र पुरावे नव्हेत, ती एकाच वंशाची भावंडं आहेत. 2007 सालच्या एका अभ्यासात वजन आणि वंशाचं नातं हिशेबात धरल्यावर, कांगारूसारखे पिशवीधारी वगळता इतर सस्तन प्राण्यांत चयापचयाचा वेग आणि आयुर्मान यांचा सहसंबंध उरला नाही. हृदयगतीच्या रेषेकडेही तितक्याच सावधपणे पाहायला हवं.

गैरसमज : प्रजाती-प्रजातींत दिसलेला नियम एकाच प्रजातीतही चालतो.
वस्तुस्थिती : हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो, पण अवाढव्य ग्रेट डेन कुत्रा इवल्याशा चिवावापेक्षा लवकर जातो. कुत्र्यांपुरतं पाहिलं तर वजन आणि आयुष्य यांचं नातं चक्क उलटं होतं. म्हणून प्रजातींच्या आलेखावरून शेजारच्या काकांचं भविष्य सांगू नये.

गैरसमज : प्रत्येक प्राण्याची हृदयगती हा एक ठरलेला आकडा असतो.
वस्तुस्थिती : कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात निळ्या देवमाशाच्या अंगावर यंत्र चिकटवून घेतलेल्या नोंदी 2019 साली प्रसिद्ध झाल्या. बुडी मारलेली असताना त्याचं हृदय मिनिटाला 2 ठोक्यांपर्यंत उतरत होतं आणि पृष्ठभागावर 37 पर्यंत चढत होतं. उंदराला नुसतं हातात धरलं तरी त्याची धडधड वाढते. आलेखावरच्या एका ठिपक्यामागे एवढी उलथापालथ असते.

गैरसमज : मग हे गृहीतक सपशेल खोटंच म्हणायचं.
वस्तुस्थिती : तेही घाईचं होईल. सहसंबंधातून कारण सिद्ध होत नाही, तसं ते खोडलंही जात नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो. जर्मनीत उंदरांना इव्हाब्राडीन हे हृदयगती कमी करणारं औषध दिलं गेलं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात हृदयगती 14 टक्क्यांनी घटली आणि मध्यक आयुष्य सुमारे 6 टक्क्यांनी वाढलं. ठोक्यांचा कोटा खरोखर ठरलेला असता, तर आयुष्य 16 टक्क्यांच्या आसपास वाढायला हवं होतं. म्हणजे हृदयगतीचा आयुष्यावर काही परिणाम होत असावा, पण तो कोट्याच्या हिशेबाने होत नाही.

गैरसमज : व्यायामात ठोके वाया जातात.
वस्तुस्थिती : कोटा क्षणभर खरा मानू. तासभर धावताना 70 ऐवजी 150 ठोके पडले, तर 4,800 जादा खर्च झाले. पण नियमित व्यायामाने विश्रांतीतली गती 10 ने उतरली, तर उरलेल्या 23 तासांत 13,800 वाचले. कोट्याची भीती घालून सकाळचं फिरणं टाळू पाहणाऱ्याला हा जमाखर्चही साथ देत नाही.