मोठे इंजिन, पण कोणत्या पंपाला?

गेल्या उन्हाळ्यात घरची मंडळी मालवणला गेली होती. तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाण्यावरून सुसाट जाणाऱ्या मोटारसायकली पाहून आमचा पुतण्या वेडावलाच. घरी आल्यावर त्याने पहिला प्रश्न टाकला, "काका, त्याला आपल्या विहिरीवरच्या मोटारीपेक्षा मोठी मोटार बसवली तर ती किती पळेल?" घरात हसू पिकले. पण प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. तो घराघरांत निराळ्या रूपाने विचारला जातो: "पाच हॉर्सपॉवरच्या जागी साडेसात बसवली तर पाणी जास्त येईल ना?" तेव्हा आज त्या पाण्यावरच्या यंत्राचीच हकिकत सांगतो. तिच्यात आपल्या कामाचे बरेच आहे.

किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात ती बसून चालवायची यंत्रे. पण या जातीचे पहिले लोकप्रिय यंत्र उभ्याने चालवायचे होते. त्यात लांब दांडा पुढे सांध्यावर वरखाली होतो, दांड्याच्या टोकाला हँडल असते आणि स्वार मागच्या तबकात गुडघ्यावर किंवा उभा राहून तोल सांभाळतो. ही कल्पना अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या क्लेटन जेकबसन या मोटोक्रॉस शर्यतपटूची. शर्यतीत पडून अंग खरचटले की, आपटायचेच तर मऊ जागी, म्हणजे पाण्यावर का आपटू नये, असे त्याच्या मनात आले, असे सांगतात. 1965 साली त्याने ॲल्युमिनियमचे पहिले यंत्र बनवले. पुढे जपानच्या कावासाकी कंपनीने ते बाजारात आणले आणि 'जेट स्की' हे नाव रूढ झाले. 1975 पासून ही यंत्रे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकन गावी बनू लागली. नेब्रास्का म्हणजे मक्याचा मुलूख, समुद्रापासून कितीतरी दूर!

आता यंत्राच्या पोटात काय असते ते पाहू. बाहेर फिरणारा पंखा दिसत नाही. खाली जाळी असते, तिच्यातून पाणी आत ओढले जाते. इंजिनाच्या दांड्यावरचा इंपेलर ते पाणी मागे ढकलतो आणि अरुंद तोंडातून धार जोरात बाहेर पडते. त्या धारेच्या उलट दिशेला यंत्र पुढे जाते. म्हणजे जेट स्की हा पाण्यावर तरंगणारा पंपच! आपला पंप जागेवर राहून पाणी हलवतो, हा पाणी मागे टाकून स्वतः पुढे सरकतो. एवढे ध्यानात आले की पुढचे सारे सोपे होते.

पहिली यंत्रे 400 सीसीची. मग 440 सीसीची आली, 1982 साली 550 ची, त्यानंतर 650 आणि 750 ची. 1990 साली यामाहाने सुपरजेट आणले. ही सारी इंजिने टू-स्ट्रोक होती, म्हणजे पाठीवरच्या पॉवर स्प्रेअरसारखी, पेट्रोलमध्ये तेल मिसळून किंवा जोडीने देऊन चालणारी. टू-स्ट्रोक हलके असते आणि दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला जोर देते, म्हणून उभ्या यंत्राला ते जमले. पण त्याचा धूर आणि न जळलेले तेल पाण्यात जाते. म्हणूनच अमेरिकेतल्या ताहो सरोवरात 1999 पासून कार्ब्युरेटरच्या बहुतेक टू-स्ट्रोक इंजिनांना बंदी झाली. पुढे कावासाकीने 2017 च्या सुमारास 1498 सीसीचे फोर-स्ट्रोक उभे यंत्र काढले. ताकद भरपूर, पण वजन अडीचशे किलो! तोल गेला तर ते सावरणे एकट्याचे काम नव्हे.

अमेरिकेत आणि जपानमध्ये जुन्या यंत्रात मोठे इंजिन बसवणारे हौशी पुष्कळ आहेत. जुना 550 चा सांगाडा घ्यायचा आणि त्यात 750 चे इंजिन टाकायचे, हा त्यांचा आवडता उद्योग. यातले जाणकार इंजिनाची निवड कशी करतात ते पाहण्यासारखे आहे.

जाणकार पहिले इंजिन पाहत नाहीत, पंप पाहतात. जुन्या 440-550 च्या यंत्रांचा पंप लहान व्यासाचा. त्याला मोठे इंजिन जोडले तर इंपेलर फार जोरात फिरतो, पाणी तितक्या वेगाने आत येऊ शकत नाही, दाब उतरतो आणि थंड पाण्यातच वाफेचे बुडबुडे तयार होतात. ते फुटताना धातू कुरतडतात. आपल्या पंपात सक्शनला पाणी कमी पडले की खडी भरल्यासारखा खडखडाट होतो ना, तेच हे. म्हणून इंजिनाबरोबर पंप मोठा करावा लागतो, निदान इंपेलर तरी इंजिनाच्या जोराला जुळणारा घ्यावा लागतो. पात्याचा कल जास्त असला तर इंजिन दबते, कमी असला तर ते नुसतेच फिरत राहते.

दुसरी गोष्ट, हिशेबाची. पंपाचे फेरे दहा टक्के वाढवले तर त्याला लागणारी ताकद सुमारे तेहेतीस टक्क्यांनी वाढते. फेरे दुप्पट केले तर ताकद आठपट! त्यामुळे इंजिन दुप्पट ताकदीचे केले म्हणून वेग दुप्पट होत नाही. साध्या हिशेबाने तो सव्वापटीच्या आसपास जातो. पाण्यावर उचलून धावणाऱ्या यंत्रात आकडा थोडा बदलेल, पण दुप्पट काही होणार नाही. पेट्रोल मात्र जास्तच जाते.

तिसरी गोष्ट, जुळणी. मोठे इंजिन बसायला जागा हवी, पाया वेगळा हवा, आणि इंजिनाचा व पंपाचा दांडा एका रेषेत हवा. कपलिंग थोडे जरी तिरके बसले तरी बेअरिंग आणि सील जातात. इंजिन थंड ठेवणारे पाणीही पंपातूनच येते. ते अपुरे पडले, किंवा पेट्रोलमध्ये हवा जास्त झाली, तर पिस्टन वितळायला वेळ लागत नाही. शिवाय वजन पुढे सरकले तर यंत्र नाक खुपसते, मागे सरकले तर डोलू लागते.

चौथी गोष्ट जिवाची. जेट स्कीला सुकाणूचे पाते नसते. धारेचे तोंड वळवून ते वळते. धार थांबली की वळणे थांबते. समोर होडी दिसली आणि घाबरून हात सोडला, तर यंत्र हँडल कितीही फिरवले तरी सरळच जाते. इंजिन जेवढे मोठे, तेवढा हा धोका मोठा. म्हणून शहाणे चालक लाइफ जॅकेट घालतात, इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधतात आणि नव्या चालकाला लहान इंजिनावरच शिकवतात.

आता घरची गोष्ट. आमच्या वडीलबंधूंनी एका वर्षी पाचाच्या जागी साडेसातची मोटार बसवली. पाईपलाइन तीच जुनी अडीच इंची ठेवली. पहिल्या दिवशी पाट भरून वाहिला, सगळे खूश! आठवडा गेला नाही तोच विहीर उपसली जाऊन मोटार हवा ओढू लागली. पूर्वी तीन तास चालणारे पाणी दोन तासांत संपू लागले. झऱ्याचा वेग तोच, विहीर तीच, मग जास्त पाणी यायचे कोठून? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार! वर अरुंद पाईपात पाणी दुप्पट सोडू म्हटले तर घर्षण सुमारे चौपट होते, म्हणजे वाढवलेला जोर पाईपच खाऊन टाकतो. मोटार मोठी केल्याने डीपीवरचा भार वाढला आणि शेजाऱ्याच्या मोटारीला व्होल्टेज कमी पडू लागले, तो बोल निराळाच. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत झाली. पुढच्या वर्षी पाचाचीच मोटार परत बसवली, फूटव्हॉल्व्ह बदलला, गळके सांधे बंद केले आणि पाईप तीन इंची टाकला. पाणी पुरले.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, मोठे इंजिन घेण्याआधी पाच प्रश्न विचारा. विहिरीत पाणी ताशी किती जमते? पंप पाण्यापासून किती उंचीवर आहे? (साध्या पंपाची ओढ व्यवहारात सहा-सात मीटरच्या पलीकडे भरवशाची नसते.) पाईप किती इंची आहे? इंपेलर आणि मोटार एकमेकांना जुळतात का? आणि आपल्या डीपीला हा भार झेपेल का, मंजूर भार वाढवून घेतला आहे का? पाचांची उत्तरे मिळाली की इंजिनाचा आकडा आपोआप ठरतो. कधी तो मोठा निघेल, कधी आहे तोच पुरेसा ठरेल.

पुतण्याला मी हेच सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "मग काका, पंप आधी मोठा करायचा?" मी म्हटले, "आधी पाणी बघ बाळा, मग पंप, आणि मग इंजिन." तो गप्प झाला. संध्याकाळी पाहतो तर दोरीला दगड बांधून स्वारी विहिरीतले पाणी मोजत होती.