श्वानशिक्षण, सौम्य पद्धतीचे
इष्ट वर्तनास तत्काळ बक्षीस देऊन ते दृढ करणे व अनिष्ट वर्तनास वाव न ठेवणे, या तत्त्वावर आधारलेली कुत्र्यांना शिकविण्याची पद्धत. बक्षीस खाद्याचे, खेळाचे वा मोकळे सोडण्याचे असते. मारणे व हिसके देणे, तसेच फासाची साखळी, काट्यांचा गळपट्टा, विजेचा धक्का देणारा गळपट्टा ही साधने या पद्धतीत वर्ज्य मानतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात श्वानशिक्षणावर लष्करी शिस्तीची छाप होती. जर्मन अधिकारी कॉनराड मोस्ट यांच्या १९१० च्या ग्रंथात सक्तीला मोठे स्थान आहे. रूडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांतील वर्चस्वाच्या चढाओढीचे वर्णन केले. मालकाने कुत्र्यावर हुकमत गाजवावी, ही समजूत अशा वर्णनांमुळे बळावली. रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप व पिले यांचे कुटुंब असते, हे डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखविल्यावर तिचा आधार गेला. समजूत मात्र टिकून आहे. सौम्य पद्धतीचा पाया थॉर्नडाइक यांचा परिणाम-नियम व स्किनर यांचे साधक अभिसंधान हा होय.

बक्षीस कृतीनंतर एकदोन सेकंदांत मिळावे लागते. उशीर झाल्यास ते मधल्याच एखाद्या कृतीशी जोडले जाते. म्हणून क्लिकर हे टिक् असे वाजणारे साधन किंवा ‘शाबास’सारखा ठरावीक शब्द बक्षिसाची खूण म्हणून वापरतात. अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याला झिडकारण्याऐवजी चारही पाय जमिनीवर असतानाच त्याचे लाड करतात. शिक्षेने वर्तन तात्पुरते दबते, पण वेदनेचा संबंध कुत्रा त्या क्षणी समोर असलेल्या मुलाशी, अनोळखी माणसाशी वा मालकाशी जोडू शकतो. गुरगुरणे ही चावण्यापूर्वीची सूचना होय. ती शिक्षेने दाबली, तर भीती तशीच राहते व कुत्रा सूचना न देता चावण्याचा संभव वाढतो. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर केलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कठोर पद्धतीने शिकणाऱ्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे व शिकवणीनंतर लाळेतील कॉर्टिसॉल अधिक आढळले.

सौम्य पद्धत केवळ लाडक्या कुत्र्यांपुरती आहे, हा आक्षेप टिकत नाही. स्फोटके हुंगणाऱ्या कुत्र्याने स्वतः उत्साहाने शोध घ्यावा लागतो. विशिष्ट वास सापडला की आवडता चेंडू वा खाऊ मिळतो, हेच त्याच्या शिक्षणाचे सूत्र असते. धाकाने नाक चालत नाही. १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर मुंबई परिसरात स्फोटके शोधून काढणारा ‘जंजीर’ हा लॅब्रॅडॉर कुत्रा राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या पुण्यातील केंद्रात तयार झाला होता. तो २००० मध्ये मरण पावला.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार प्राण्यास मारणे, अनावश्यक वेदना देणे, तसेच अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हे गुन्हे आहेत. वेल्समध्ये विजेच्या गळपट्ट्यावर २०१० पासून बंदी आहे.

दाट वस्तीत या पद्धतीची गरज विशेष जाणवते. पनवेल (जि. रायगड) येथे २०१६ मध्ये महानगरपालिका स्थापन होऊन खारघर, कामोठे, कळंबोली या वसाहती तीत आल्या. वाड्याच्या अंगणात राखणीला असलेल्या कुत्र्याला जे शिकवावे लागत नसे, ते उंच इमारतींतील कुत्र्याला शिकवावे लागते : उद्‌वाहनात शांत उभे राहणे, जिन्यात मुले भेटली असता न भुंकणे, वाहनांच्या गर्दीत दोर न ओढता चालणे. तापलेल्या डांबराने पंजे भाजत असल्याने उन्हाळ्यात हा सराव पहाटे वा सूर्यास्तानंतर घेतात. ढोलताशे व फटाके यांची भीती घालविण्यासाठी त्यांचे ध्वनिमुद्रण प्रथम अगदी हळू लावून सोबत खाऊ देतात आणि कुत्रा निश्चिंत राहील तसतसा आवाज वाढवितात. याला कित्येक आठवडे लागत असल्याने गणेशोत्सव वा दिवाळी तोंडावर आल्यावर आरंभ करून उपयोग होत नाही.