भुलीच्या जोडीला सूक्ष्म विद्युत्प्रवाह

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला की ग्रामीण भागातील रुग्णाला शस्त्रापेक्षा भुलीचीच धास्ती अधिक वाटते. इस्लामपूर परिसरातून सांगली-मिरजेच्या रुग्णालयांकडे निघालेल्या रुग्णाला अशा वेळी कोणी 'सुया टोचून, भूल न देताच ऑपरेशन होते' असे सांगितले, तर त्याची भुरळ पडणे स्वाभाविक आहे. म्हणून ज्यांचा सल्ला गावात मानला जातो, त्या शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी यातील तथ्य जाणून घेणे अगत्याचे आहे.

शस्त्रक्रियेच्या वेळी ॲक्युपंक्चरचा वापर चीनमध्ये 1958 साली सुरू झाला. त्याचा जगभर गाजावाजा झाला तो 1971 नंतर. अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांचे आंत्रपुच्छ त्या वर्षी पेकिंग येथे काढण्यात आले. मात्र ती शस्त्रक्रिया नेहमीची औषधे देऊनच झाली होती; सुया टोचल्या त्या नंतर, पोटातील अस्वस्थता कमी करण्यासाठी. हा तपशील पुढे वृत्तांच्या गर्दीत हरवला. चीनमधील अशा अनेक शस्त्रक्रियांतही वेदनाशामके व स्थानिक भूल यांची जोड असे.

भारतात ही विद्या आणण्याचे श्रेय कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू यांना दिले जाते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर यांच्यासमवेत 1938 साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते होते. कोटणीस 1942 मध्ये तेथेच निवर्तले. बसू यांनी पुढे चीनला जाऊन ॲक्युपंक्चरचे शिक्षण घेतले.

आधुनिक पद्धतीत सुईची गरजच उरलेली नाही. ठरावीक बिंदूंवर चिकटपट्ट्या लावून लहानशा यंत्रातून काही मिलिअँपिअरचा प्रवाह थांबून थांबून सोडतात. पुष्कळदा भूल देण्यापूर्वी अर्ध्या तासाच्या सुमारास याचा प्रारंभ होतो. मनगटाच्या आतील घडीपासून रुग्णाच्याच तीन बोटांच्या अंतरावर, दोन कंडरांच्या मधला बिंदू यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. अशा उद्दीपनाने मेंदू व मज्जारज्जूत एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे पेकिंगचे शास्त्रज्ञ हान जी-शेंग व इतरांच्या प्रयोगांतून दिसून आले. सेकंदाला 2 स्पंदने दिली असता एक द्रव्य, 100 दिली असता दुसरे, असा भेदही त्यांना आढळला.

लाभ कोणता? सर्वांत बळकट पुरावा आहे तो शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळ व उलट्यांबाबत. मनगटावरील त्या बिंदूच्या उद्दीपनाचा, मग ते सुईने, दाबाने वा विजेने केलेले असो, 2015 मध्ये आढावा घेण्यात आला. त्यात 59 चाचण्या व 7,667 रुग्ण होते. उलटीविरोधी औषधांइतकाच या उपायाचा उपयोग होतो, असे त्यात आढळले. अर्थात सर्वच चाचण्या सारख्या दर्जाच्या नव्हत्या. वेदनाशामकांची मात्रा काही चाचण्यांत घटली, काहींत नाही. मात्र केवळ या उपायावर पोट उघडण्याची शस्त्रक्रिया करणे आज शास्त्राला मान्य नाही. भूल ही भूलतज्ज्ञानेच द्यावयाची असते व शस्त्रक्रिया संपेपर्यंत श्वास, नाडी, रक्तदाब यांवर त्याचीच नजर असते.

महाराष्ट्राने ॲक्युपंक्चर चिकित्सेसाठी 2015 चा स्वतंत्र अधिनियम केला आहे. म्हणून उपचार करणाऱ्याकडे नोंदणीची विचारणा करण्यात संकोच बाळगू नये. हृदयात पेसमेकर बसविलेला असल्यास, स्त्री गर्भवती असल्यास किंवा पट्टीच्या जागी जखम असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे.